घरचा ग्रुप: भालू, पडवीची भिंत आणि गणपतीआधीचा रंग

नानाकाका डोंबिवली: वहिनींनी काल व्हिडिओ कॉलवर पडवी दाखवली, बघवेना. मे महिन्यात भिंतीला रंग दिला आणि जुलैत सगळे डाग. यंदा अधिक महिना आला म्हणून गणपती १४ सप्टेंबरला आहेत, हातात वेळ आहे, पण आत्ताच काहीतरी ठरवूया. भालू कुत्र्याला रात्री मांगराच्या खोपटाजवळ बांधावा असं माझं मत.

मोठी काकू गाव: बांधायचा नाय भावजी. खालच्या वाडीतला कुत्रा बांधलेलाच होता, वाघाने नेलान. भालू पडवीतच झोपणार.

आत्या चिपळूण: वहिनी बरोबर बोलते. बिबट्या आमच्याकडे पण शेताच्या कडेला फिरतो, कुत्र्यांवरच डोळा असतो त्याचा

दादा पुणे: आणि दिवसा पण कायम साखळीला ठेवणं बरोबर नाही काका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ मध्ये आहे, आखूड किंवा जड साखळीला खूप वेळ बांधून ठेवणं, बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हे गुन्ह्यात येतं. कायदा सोडा, ३६ किलोचा कुत्रा बांधून ठेवला की चिडका होतो.

नानाकाका डोंबिवली: बरं, बांधायचा नाही. मग भिंत कशी राखायची ते सांगा.

मी: काका मी इथेच आहे तर दोन दिवस नीट बघितलं, सविस्तर लिहिते. डाग तीन जातीचे आहेत आणि आपण तिन्ही भालूच्या नावावर टाकतोय. पहिला, पडवीच्या आतल्या भिंतीला जमिनीपासून दोनेक फुटांवर आडवा काळपट पट्टा, ओटीच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत, आणि कोपऱ्यात तो वळून बसतो तिथे सगळ्यात गडद. बोट लावलं तर चिकट लागतं, केस अडकलेत त्यात. दुसरा, बाहेरून जोत्याच्या वर फूट दीड फूट तांबडा चिखल. तिसरा पडवीच्या पहिल्या खांबाच्या बुडाशी पिवळट, तो कसला ते सगळ्यांना माहीत आहे.

आत्या चिपळूण: खांबाजवळ निळीच्या पाण्याची बाटली ठेव बाय, आमच्या कॉलनीत प्रत्येक गेटला आहे

मी: आत्या ठेवली होती, पंधरा दिवस, काही फरक नाही. आणि कोणी सांगितलं तरी डांबरगोळ्या टाकू नका, कुत्र्याला विष आहे ते, एखादी चघळली तरी डॉक्टरकडे पळायला लागतं. काकू फिनेल ओतते ते पण बंद करूया, ते त्याच्या पायाला लागतं आणि मग तो पाय चाटतो.

नानाकाका डोंबिवली: पूर्वीसारखा चुना मारला तर? स्वस्त पडेल, दरवर्षी मारता येईल

मी: ओला चुना अंगाला, नाकाला, डोळ्याला लागला तर भाजतो काका. तो भिंतीला टेकल्याशिवाय राहत नाही. आणि सुकल्यावर पण अंगाला पांढरं येतंच. आत्ता जो रंग आहे तो साधा डिस्टेंपर आहे, दुकानदाराने धुता येतो म्हणून दिला, ओल्या फडक्याने पुसला तर फडकंच पांढरं झालं. भालूच्या उजव्या कुशीला बघा फोटोत, रंगाची पावडर आहे.

मी: आता चिखलाचं. काल जोराचा पाऊस होता तेव्हा मी खुर्ची टाकून तासभर पडवीत बसले. भालू आत झोपला होता, उठला पण नाही. तरी भिंतीवर चिखल उडतच होता. पागोळ्या जिथे पडतात तिथे बरोबर एक चर पडलाय, तांबडी माती उघडी झालीय, प्रत्येक थेंब त्यात पडतो आणि माती घेऊन भिंतीवर येतो. भालू त्याच चरातून घराला फेऱ्या मारतो, त्याची वाट आहे ती, त्यामुळे माती अजून मोकळी होते आणि तोच चिखल पायाने पडवीत येतो. म्हणजे बाहेरच्या डागाचं मूळ पागोळ्यांचा चर आहे.

दादा पुणे: मग तिथे खडी टाकायची. दोन अडीच फूट रुंद पट्टा घराच्या तीन बाजूंनी, चार बोटं जाड. थेंब खडीवर फुटतो, माती उडत नाही. पण फार टोकदार नको, त्याच्या पायाला टोचली तर तो ती वाट सोडून फुलझाडांतून जाईल

मोठी काकू गाव: नदीचा गोटा बारीक मिळतो तो चालेल. गाडीवाल्याला विचारते.

आत्या चिपळूण: आणि तो चिकट पट्टा? कुत्र्याच्या अंगाला एवढं तेल कसं काय, आमचा मोती पण बाहेरच असतो, त्याचा डाग पडतो पण असा चिकट नाही

मोठी काकू गाव: मी करंजेल लावते त्याला दर रविवारी. गोचडी लागतात म्हणून. सासूबाई गुरांना लावायच्या.

मी: काकू मी हेच विचारणार होते. कुत्र्याच्या कातडीला स्वतःचं तेल असतंच, त्यात धूळ बसून भिंतीला काळं येतं, ते सगळ्या मोठ्या कुत्र्यांचं होतं. पण आपल्याकडे वरून करंजेल, मग तो अंग घासतो, ते डिस्टेंपर पिऊन घेतो. तू काळजीनेच लावतेस, तुला बोलत नाही कोणी. पण तो घासतो का ते बघायला हवं होतं म्हणून काल त्याचं सगळं अंग चाचपलं. कानाच्या आत, मानेखाली पट्ट्याच्या जागी आणि पुढच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात मिळून अकरा गोचडी निघाल्या. शेपटीच्या मुळाशी केस गेलेत, खाजवून लाल झालंय.

मी: आणि हे सगळ्यांनी वाचा. कोपऱ्यात जिथे पट्टा गडद आहे तिथे गिलाव्याला एक भेग आहे, उभी, साधारण वीतभर. केसाच्या पिनेने खरवडली तर आतून फुगलेली गोचीड निघाली आणि तिच्या मागे बारीक तपकिरी दाण्यांचा गोळा, मोहरीहून बारीक, एकाला एक चिकटलेले. ती अंडी. मादी रक्त पिऊन झालं की कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या भेगेत जाऊन हजारोंनी अंडी घालते. म्हणजे आपण कुत्र्याला तेल लावत होतो आणि गोचडी भिंतीत राहत होत्या. त्याला झोपायला तोच कोपरा, परत अंगावर चढायला त्यांना दोन पावलं.

नानाकाका डोंबिवली: बापरे. मला वाटलं नुसता रंगाचा प्रश्न आहे. त्याला ताप वगैरे नाही ना

मी: आज सकाळी तालुक्याला डॉक्टरांकडे नेऊन आणला. हिरड्या गुलाबी आहेत, जेवतोय, तरी गोचीड तापासाठी रक्त घेतलंय, उद्या कळेल. वजनावर बघून चघळायची गोळी दिली. गुरांच्या गोठ्यातलं औषध याच्यावर मारू नका म्हणाले, प्रमाण वेगळं असतं. तेल पूर्ण बंद. आंघोळ तीन चार आठवड्यांनी, कुत्र्याच्याच शाम्पूने, माणसांचा नको, कातडी कोरडी होऊन अजून खाजते. मध्ये नुसता रोज ब्रश.

आत्या चिपळूण: भेग बुजव आधी बाय

मी: हो, गवंडी शनिवारी येतोय. त्याआधी सगळ्या फटी ब्रशने साफ करून निघालेलं जाळून टाकणार, नुसतं झाडून अंगणात टाकलं तर परत येतात.

दादा पुणे: रंगाचं मी बोललो एका पेंटर मित्राशी. खालच्या साडेतीन फुटांना ऑइल पेंटचा गडद पट्टा, वर पाहिजे तो रंग. शाळेत आणि एसटी स्टँडवर असतो ना तसा. ऑइल पेंटवरचा तेलकट डाग साबणाच्या पाण्याने निघतो, आत शिरत नाही. पण भिंत ओली असताना मारला तर फुगे येऊन सुटतो, म्हणून आत्ता नको, दिवाळीनंतर.

मोठी काकू गाव: आपल्या जुन्या घराला खाली कावेचा तांबडा पट्टा होता. सासूबाई दर दिवाळीला काढायच्या. सिमेंटचं घर झालं तेव्हा सगळं पांढरं केलंत तुम्ही लोकांनी.

नानाकाका डोंबिवली: खरंय वहिनी, मीच पांढऱ्याचा हट्ट धरला होता. दिवाळीनंतर तांबडाच पट्टा काढूया, ऑइल पेंटमध्ये काव रंग मिळतो. पण गणपतीला काय?

मी: गणपतीसाठी असं ठरवलंय. पट्ट्यावर आधी सुक्या ब्रशने केस काढायचे, मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, मऊ स्पंज, खालून वर पुसत जायचं म्हणजे ओघळ येत नाहीत, आणि घासायचं नाही, घासलं की डिस्टेंपर निघतो. एका हातभर जागेवर करून बघितलं, डाग निम्मा गेला, पूर्ण नाही. उरलेल्यावर नारळाच्या झावळ्यांची झापं बांधूया अडीच फूट उंचीची, गोठ्यासाठी काकूने विणून ठेवलीत त्यातलीच. छान दिसतात, मखराला पण शोभतील, आणि खराब झाली की बदलायची.

आत्या चिपळूण: झापं मस्त दिसतील. मी चार घेऊन येते येताना

मी: खांबाचं राहिलं. लघवीच्या जागी व्हिनेगर चालतो पण बाजूला कडाप्पा आहे, त्यावर सांडला तर कडाप्प्याची चमक जाते, म्हणून आधी भरपूर साधं पाणी आणि साबण, मग एन्झाइमवाला स्प्रे मागवलाय तो. वास पूर्ण गेला नाही तर तो तिथेच परत जातो. आणि त्याला दुसरी जागा द्यायची, फणसाखाली एक ओंडका उभा पुरलाय, खांबाजवळची माती थोडी तिथे टाकली. आज तीनदा मीच नेलं त्याला तिकडे, दोनदा केलं, लगेच भाकरीचा तुकडा दिला. तुळशीकडे अजून जातो तो, तिकडे दोन दिवस मी सोबत उभी राहीन.

दादा पुणे: नसबंदीचं पण विचार डॉक्टरांना. लघवीने खूण करणं बरंच कमी होतं, पूर्ण थांबेलच असं नाही

मी: विचारलं, गोचडीचं निस्तरलं की करूया म्हणाले. आणि झोपायची जागा बदलतेय, जुनी बाज आहे ना आजोबांची, ती भिंतीपासून हातभर सोडून टाकायची. ओल लागणार नाही, भिंतीला पाठ लागणार नाही, आणि दारातून त्याला अंगण दिसेल, त्याला ते लागतंच. पायरीला काथ्याचं मोठं पायपुसणं आणि बाजूला बादली, फिरून आला की पाय बुडवून घ्यायचे. दोन दिवसांत स्वतःहून पाय पुढे करायला लागलाय.

नानाकाका डोंबिवली: गोट्यांच्या गाडीचे, गवंड्याचे आणि डॉक्टरांचे पैसे मी पाठवतो, नाही म्हणू नका. उद्या रक्ताचा रिपोर्ट आला की आधी तो टाक बाय, भिंतीचं नंतर.

मोठी काकू गाव: बाज टाकली. चढत नाय, खालीच बसलाय तोंड करून. माझी जुनी गोधडी घालते वर, तिच्यावर येईल तो.