अनुभव धागा: निसर्गसंस्थेची कार्यकारिणी आणि आपण

रानवाट

काल दुपारी जेवून जरा आडवा झालो तर बँकेतून फोन. "तुमच्या संस्थेच्या खात्याचं केवायसी राहिलंय. तुम्ही अध्यक्ष ना?" म्हटलं, अहो मॅडम, मी २०१७ सालीच राजीनामा दिलाय. तर म्हणाल्या, "आमच्याकडे अजून तुमचीच सही आहे."

संस्थेचा व्यवहार केव्हाच दुसऱ्या बँकेत गेला, हे जुनं खातं बंद करायचं राहून गेलं. त्यात ४३ हजार आणि काही रुपये पडून आहेत. पण त्या फोनने दुपारची झोप उडाली आणि सगळं आठवायला लागलं.

तालुक्याचं गाव, गावाबाहेर टेकडी, टेकडी वाचवायला संस्था. मी मुळात रविवारी दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जाणारा माणूस. एका वार्षिक सभेत चहा सांगायला बाहेर गेलो, परत आलो तोवर कार्यवाह झालो होतो. तीन वर्षांनी अध्यक्ष. त्यानंतर टेकडीवर जाणं जवळजवळ बंदच. इतिवृत्त, ऑडिट, धर्मादाय कार्यालय, वनखात्याला पत्र, त्या पत्राचं स्मरणपत्र, स्मरणपत्राचं स्मरणपत्र.

एक सभा तर विसरणं शक्य नाही. पाचची वेळ. गणपूर्तीला पंधरा हवेत, आलो चौदा. आमच्या घटनेत कलम असं की अर्धा तास सभा तहकूब करायची, मग त्याच जागी पुन्हा भरवायची, तेव्हा गणपूर्तीची अट नाही. सगळे वडे खात घड्याळाकडे बघत बसलेले. पाच अठ्ठावीसला एक सभासद हेल्मेट काढत आत आले. पंधरा झाले! आता ही मूळ सभा की तहकूब सभा? यावर वीस मिनिटं वाद. तोवर दोघं वैतागून घरी गेले, पुन्हा तेरा.

सोडलं ते मात्र हसत नाही. टेकडीच्या माथ्यावर गवताळ माळ होता, चंडोल आणि तित्तिर तिथलेच. एका कंपनीने तिथे तीनशे झाडं लावायला पैसे देऊ केले. मी म्हणत होतो गवत हाच तिथला अधिवास, झाडं लावायची तर खाली ओढ्याच्या कडेने लावा. आमचे खजिनदार म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. तो म्हणाला, पैसे परत गेले तर वर्षभराचा राखणदार कुठून देणार? मतदान झालं, मी हरलो, राजीनामा दिला. त्याच्याशी नंतर बोलणं नाही.

आणि बँकेला कोणत्या दोन सह्या हव्यात, तर माझी आणि त्याची.

तुमच्यापैकी कोणी असल्या संस्थांच्या समितीवर असाल तर लिहा. निदान मला एकटेपणा वाटणार नाही.

कुंभारमाशी

चहा सांगायला बाहेर जायचंच नाही. पहिला नियम.

सोनकी

आमच्याकडे चहा सांगायचं कामही माझ्याचकडे होतं. अकरा जणांच्या समितीत मी एकटी बाई. पहिल्याच बैठकीत, "इतिवृत्त ताई लिहितील, त्यांचं अक्षर छान आहे." सहा वर्षं लिहिलं. माझं अक्षर छान नाहीये हो! औषधाच्या दुकानात बसवतील असं आहे.

फायदा एक झाला. कोण काय बोललं होतं ते फक्त माझ्याकडे लेखी. निवडणुकीच्या वेळी एक ज्येष्ठ म्हणाले, "मी कधीच ओढ्यावर बंधारा घालायला पाठिंबा दिला नव्हता." मी वही उघडली. सूचक: ते स्वतः. त्या वर्षी मीच अध्यक्ष झाले. पहिला ठराव हाच केला की इतिवृत्त आळीपाळीने लिहायचं. दुसऱ्या महिन्यात ज्यांची पाळी होती ते आलेच नाहीत :)

खजिनदार_माजी

रानवाट, तुमच्या मित्राची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. बाकीच्यांना जंगल दिसतं, खजिनदाराला ३१ मार्च दिसतो. रोपं आणणारा टेम्पोवाला पावती तर सोडाच, स्वतःचं नावही नीट सांगत नाही. पाच हजारांच्या वर रोख दिले की व्हाउचरवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही घ्यायची. ते तिकीट घ्यायला पोस्टात गेलो तर संपलेली. वडापावाचं बिल एकदा पेपर नॅपकिनवर आलं होतं, वर तेलाचा डाग. ऑडिटरने तो नॅपकिन दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला आणि विचारलं, "हे काय आहे?"

२०२१ पासून ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळते ती मान्यता) दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावं लागतं. कंपन्यांच्या सामाजिक निधीचे, म्हणजे सीएसआरचे पैसे हवे असतील तर त्याची नोंदणी वेगळी, सरकारच्या दर्पण पोर्टलवरची वेगळी. प्रत्येकाचा पासवर्ड कोणाच्या तरी जुन्या मोबाइलवर. आमच्या एका पासवर्डचा ओटीपी संस्थेच्या वारलेल्या सभासदाच्या नंबरवर जात होता. त्यांच्या सुनेला फोन करून ओटीपी विचारायचो. बिचारी कधी कंटाळली नाही.

पाणकोंबडी

>>सुनेला फोन करून ओटीपी

हसून हसून पुरेवाट!! यांना आजीव सभासदत्व द्या.

मुचकुंद

झाडं लावणारे पाहुणे या विषयावर मी रात्रभर लिहू शकतो, भाजी शिजतेय तोवर एवढंच.

५ जून. पर्यावरण दिन. कंपनीच्या लोकांना त्याच दिवशी यायचं असतं. घाटमाथ्याच्या पूर्वेला तेव्हा जमीन तव्यासारखी. आम्ही सांगतो, दोन चांगले पाऊस होऊ द्या, जुलैत या. नाही, बॅनरवर तारीख छापलीय. मग टँकर बोलवा. शंभर जण, शंभर टोप्या, रोपाची पिशवी न फाडताच रोप खड्ड्यात. मी मागून जाऊन एकेक रोप उपटून, पिशवी काढून परत लावायचो. बायको म्हणायची, कंबर मोडून घ्या त्या गिरिपुष्पासाठी. हो, आणलं होतं चक्क गिरिपुष्प. उंदीरमारी म्हणतात ते. पक्षी बसत नाहीत, खाली धड गवत येत नाही. त्यावरून समितीत दोन तट पडले.

भाजी लागली बहुतेक.

तांबट

नोव्हेंबरमधला पक्षी सप्ताह. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा, म्हणून तो आठवडा. आमच्या बॅनरवर दोघांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि स्थानिक नेत्यांचा फोटो खिडकीएवढा. मी सचिव म्हणून आक्षेप घेतला. उत्तर: "हॉल कोणी मिळवून दिला?" गप्प बसलो. हॉल खरंच त्यांनीच मिळवून दिला होता.

किनारा_उत्तर

आमच्या गावात कासवं. समिती गावातल्याच लोकांची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने काम सुरू केलं, पुढे २००६ ला कासव महोत्सव, ते बघून आसपासच्या किनाऱ्यांवरही सुरू झालं, आम्ही त्यातले. पूर्वी आमचेच लोक अंडी काढून विकायचे, लपवण्यात अर्थ नाही. माझे आजोबासुद्धा.

समितीचं सगळ्यात अवघड काम म्हणजे पर्यटकांना समजावणं. घरट्यात शंभराच्या वर अंडी, पिल्लं यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. वाळू किती तापते त्यावर सगळं. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली आणि खाली काहीच नाही, असं होणारच. एका कुटुंबाने रिफंड मागितला. रूमचा नाही, कासवांचा! मी तेव्हा अध्यक्ष, तोंडावर काही बोलता येईना. त्यांचा सहा-सात वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, ती झोपलीयेत." दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टोपलीखाली एकवीस पिल्लं. ते लोक पहाटेच पुण्याला निघून गेले होते. फोन केला तेव्हा ताम्हिणीत होते, मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवली. रेंज जात होती.

सोनकी

किनारा_उत्तर, वाचताना अंगावर काटा आला. आणि ते आजोबांचं लिहिलंत म्हणून जास्त.

फक्त_वाचक

अवांतर: टेकडीवर आत्ता टाकळा आलाय का कोणाकडे? कोवळाच हवा.

पाणकोंबडी

आमच्या विदर्भात त्याला तरोटा म्हणतात. भरपूर आलाय. चण्याची डाळ घालून करा, लसूण सढळ हाताने.

मुचकुंद

आमच्याकडे फणसाच्या आठळ्या घालतात. (भाजी लागलीच होती. खालची काढून टाकली.)

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत गावच्या एका छोट्या जमीन-संवर्धन संस्थेच्या बोर्डावर आहे, तिसरं वर्ष. पहिल्या बैठकीत मला वाटलं कोर्टात आलोय. कोणी म्हणणार "आय मूव्ह", कोणी म्हणणार "सेकंड", मग चर्चा, मग मत. मी नुसतंच "चांगली कल्पना आहे" म्हणालो तर चेअरबाईंनी चष्म्यावरून बघून विचारलं, "हे मोशन समजायचं का?"

फरक दोन. एक, बोर्डावरच्या माणसाने वर्षाला ठरावीक रक्कम स्वतः द्यायची किंवा आणून द्यायची. दोन, बोर्डावर कोणी दावा ठोकला तर म्हणून विमा. मी आईला फोनवर सांगितलं की झाडं वाचवायला विमा काढलाय. ती म्हणाली, "झाडांचा?"

बाकी सगळं तेच. हरणं सगळी रोपं खातात म्हणून कुंपण घालायचं की नाही, यावर चार महिने. शेवटी घातलं. मग दार कुठे ठेवायचं यावर दोन महिने.

कुंभारमाशी

कुंपणाला दार ठेवलं हेच खूप. आमच्या समितीने रोपवाटिकेला जाळी मारली आणि पाण्याचा नळ बाहेर राहिला.

आजोळ

हा धागा सकाळपासून वाचतेय. लिहू की नको करत होते.

आमची संस्था साप पकडून सोडायची. मी पाच वर्षं अध्यक्ष होते. मुलं सगळी विशीतली, उत्साही. ठराव होता की काठी आणि पिशवी, हाताने धरायचा नाही, प्रात्यक्षिक करायचं नाही. इतिवृत्तात आहे, माझी सही आहे. पण गावच्या जत्रेत आमच्यातल्या एकाने नाग हातात धरला, लोक मोबाइल घेऊन उभे. अंगठ्याला दंश.

ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष होतं म्हणून वाचला. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारींवर चालतं, एवढं मला पाठ होतं. पण बाकावर त्याच्या आईशेजारी बसल्यावर त्या माहितीचा काय उपयोग. ती मला एकदाही रागावून बोलली नाही. फक्त विचारलं, "तुम्ही मोठ्या होता ना तिथे?" मी जत्रेत नव्हतेच. पण हो, मी मोठी होते.

तो बरा झाला. अंगठा वाकत नाही नीट. त्याला समितीतून काढायचा ठराव मीच मांडला आणि अनुमोदनाला कोणाचा हात वर येईना, तेव्हा खजिनदारांनी रडत रडत केला.

खजिनदार_माजी

आजोळ, काय लिहू. ठराव कागदावर असतो आणि विशीतलं पोरगं जत्रेत असतं. तुम्ही वाहून नेलंत ते सगळं, एवढंच म्हणतो.

तांबट

+१. मुलगा आता काय करतो?

आजोळ

ॲम्ब्युलन्स चालवतो. साप निघाला की लोक अजून त्यालाच फोन करतात. तो काठी घेऊन जातो.

उंबरठा

आत्ताच आमची मीटिंग संपवून रिक्षात बसून टंकतेय. नवीन कार्यवाह मी आहे, वय २६, बाकी सगळे साठीच्या पुढचे. जुनी कागदपत्रं मागितली तर एका काकांनी साडीच्या पिशवीत बांधून दिली. चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याचे) २०१४ पासून भरलेलेच नाहीत! नव्वद दिवसांत कळवायचं असतं ना? आता धर्मादाय कार्यालयात गेले की तिथले क्लार्क माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "अध्यक्षांना पाठवा." परिशिष्ट १ वर, म्हणजे त्यांच्या नोंदीत, जे अध्यक्ष आहेत ते आता बंगळुरूला नातवाकडे असतात. कोणी सांगेल का, विलंब माफीचा अर्ज कसा लिहितात?

खजिनदार_माजी

व्यक्तिगत निरोप करतो. घाबरू नका, दर वर्षाच्या बदलाचा वेगळा रिपोर्ट आणि प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज. निवडीच्या सभेची नोटीस, हजेरी आणि ठराव आहेत का ते आधी बघा. साडीच्या पिशवीत तळाशी असतात.

उंबरठा

तळाशी दिवाळी अंक होता फक्त :(

रानवाट

आज बँकेत जाऊन आलो, सांगायलाच हवं.

त्याला मेसेज टाकला होता, फोन करायचं धाडस नव्हतं. "अकराला बँकेत ये, सही लागतेय." उत्तर आलं: "बरं." पाच मिनिटं आधीच येऊन बसला होता. केस पांढरे झालेत. माझेही झालेत म्हणा. माझी सही जुळेना, तीनदा करायला लावली. तो शेजारून म्हणाला, "र ला पूर्वी शेपूट काढायचास." काढली शेपूट, जुळली.

बाहेर आल्यावर विषय कसा काढावा कळेना, म्हणून एकदम विचारलंच. ती तीनशेपैकी जगली किती? माझा अंदाज होता चाळीसेक, गावातून जाताना दिसतात तेवढी.

"बेचाळीस," म्हणाला. "दर मे महिन्यात मोजतो." मग चप्पल घालता घालता म्हणाला, "तुझा चंडोल मात्र खालच्या अंगाला सरकलाय. ओढ्याच्या पलीकडे दोन जोड्या आहेत."

रविवारी सकाळी साडेसहाला निघायचं ठरलंय. दुर्बिणीच्या काचेला बुरशी आलीय, कशाने काढतात कोणाला माहीत आहे का?

फक्त_वाचक

बुरशी घरी काढू नका, कोटिंग जातं. दुरुस्तीवाल्याकडे द्या. रविवारी टाकळा दिसला तर सांगा.