सत्तरच्या दशकातलं भरगच्च ऑर्केस्ट्रावालं सोल: काय ऐकू?

सांजसूर:
बॅरी व्हाइट यांच्या लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्राचं 'लव्हज थीम' ऐकलं आणि अडकलो. व्हायोलिनचा ताफा नि मागे वाह-वाह गिटार, गाणारं कुणी नाही, तरी १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर! या जातीचं सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ते भावभरलं लोकप्रिय संगीत, अजून काय आहे? तयार प्लेलिस्ट नकोत, त्यात गायकांचीच नावं असतात. मला वाजवणारे हवे आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तबकडीवाला:
मग गायक सोडा, स्टुडिओ धरा. फिलाडेल्फियातला सिग्मा साउंड, जो टार्सिया या ध्वनिमुद्रकाने १९६८ मध्ये काढलेला. गॅम्बल-हफ या गीतकार-निर्मात्या जोडीचं बरंचसं काम तिथलं. वादकांचा ठरलेला संच म्हणजे एमएफएसबी, लांब नाव मदर फादर सिस्टर ब्रदर. ओ'जेज गाऊ देत नाहीतर बिली पॉल, मागे बहुधा हीच मंडळी: बेसवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस, ड्रम्सवर अर्ल यंग, व्हायब्राफोनवर व्हिन्स मोंटाना. व्हायोलिन आणि ब्रासच्या (पितळी फुंकवाद्यांच्या) वादकांची जमवाजमव डॉन रेनाल्डोंकडे.

सुरुवात हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सच्या 'द लव्ह आय लॉस्ट'ने (१९७३) करा. शब्द सुटले तरी चालतील, कान अर्ल यंगकडे. पायाचा ठोका दर मात्रेला, सरळ. हाय-हॅटच्या झांजा मात्र दोन ठोक्यांच्या मधोमध उघडतात आणि 'त्स्स' करून लगेच मिटतात. पुढे डिस्को उभा राहिला तो या उघडझापीवर. बोल विरहाचे, पण पाय काही स्वस्थ बसत नाहीत.

मंद्रसप्तक:
+१, पण टॉम बेलना विसरलात की! सिग्मातलेच वादक, पण हा माणूस त्यांच्यासाठी फ्रेंच हॉर्न आणि ओबो लिहायचा. स्टायलिस्टिक्सचं 'यू मेक मी फील ब्रँड न्यू' ऐका. त्यात इलेक्ट्रिक सतार आहे. सतार कसली, गिटारच ती, घोडी अशी बसवलेली की तार जवारीसारखी झणझणते. आधी खालच्या पट्टीतला आवाज, मग रसेल टॉम्पकिन्स ज्युनियर वरच्या पट्टीत शिरतो आणि ऑर्केस्ट्रा त्याला वाट करून देतो. हेच माझ्या मते अरेंजरचं, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल ते लिहिणाऱ्याचं, खरं कसब. नुसतीच चाळीस व्हायोलिनं लावायला काय लागतं?

उगाच_एक:
मला फिलाडेल्फियाचा पाक जरा जास्तच गोड लागतो. डेट्रॉइटला जा. मार्विन गेचं 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१), तंतुवाद्यांची रचना डेव्हिड व्हॅन डेपिट यांची आणि त्याखाली जेम्स जेमर्सनचा बेस. तिथल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या ठरलेल्या वादकांनी, फंक ब्रदर्सनी, साठचं दशक हिट गाण्यांनी भरून टाकलं, पण कव्हरवर श्रेय मिळालं ते या अल्बमपासून. आपल्याकडे हिंदी सिनेमातही सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

तबकडीवाला:
@उगाच_एक, जेमर्सनबद्दल वाद नाही. पाकाबद्दल आहे. एमएफएसबीच्याच नावावरचा 'लव्ह इज द मेसेज' (१९७३) हा अल्बम एकदा पूर्ण ऐका, मग बोलू. 'सोल ट्रेन' या टीव्ही कार्यक्रमाची धून झालेलं 'टीएसओपी' त्यातच आहे. पुढे मानधनावरून बिनसलं आणि यातले बरेच जण साल्सोल ऑर्केस्ट्रात गेले. म्हणजे सांजसूर, तुमचा पुढचा मुक्काम तोच.

सांजसूर:
भरपूर खुराक मिळाला, सगळ्यांचे आभार! हेडफोनवर ऐकू की स्पीकरवर?

मंद्रसप्तक:
टॉम बेल हेडफोनवर. अर्ल यंग स्पीकरवर, आणि खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा.