मदत हवी आहे: पिटा ब्रेडचा खिसा अर्धाच सुटतोय

नमस्कार मंडळी, सांगलीहून विचारतेय. घरी पिटा (फुगून आत पोकळ खिसा होणारी अरबी रोटी) करते, चव झकास, पण एका कडेला टम्म फुगतो आणि बाकीचा चिकटून बसतो. खिसाच नाही तर फलाफल (काबुली चण्याचे तळलेले वडे) भरायचं कुठे?

प्रमाण: 2 वाट्या मैदा, 1 वाटी खपली गव्हाचं पीठ, 1 चमचा इन्स्टंट यीस्ट, मीठ, थोडं तेल, कोमट पाणी. इथल्या उकाड्यात कणीक तासाभरात दुप्पट होते, तो प्रश्न नाही. गोळे झाकून ठेवते, अर्धा सेंटीमीटर जाड लाटते आणि ओव्हनमध्ये 230 अंशांवर तापलेल्या ट्रेवर टाकते. दोन मिनिटांत वाफ धरायला लागते आणि कुठूनतरी बारीक भोक पडून फुस्स!

खपलीतलं ग्लुटेन (कणकेला ताण देणारं प्रथिन) नाजूक असतं, हे माहीत आहे. पण सासूबाईंना नुसता मैदा चालत नाही (आणि त्यांचं बरोबरच आहे), तेव्हा "खपली काढा" सोडून काहीही सांगा. खपली कमी करून साध्या गव्हाचं पीठ घालू का? पाणी वाढवू? लाटल्यावर पुन्हा किती वेळ ठेवता?

आणखी एक, ट्रेऐवजी जाड बिडाचा तवाच ओव्हनमध्ये तापवला तर? कुणी केलंय का? शहाबादी फरशीचा तुकडा ठेव असं शेजारच्या काकू म्हणाल्या, पण तापून तडकली तर काय, म्हणून हिंमत होत नाही.