शब्दचर्चा : संस्कार 'मुलीवर' की 'मुलीला'?

प्रश्न (भुसावळ)
आमच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या कॅथलिक शेजाऱ्यांकडून मुलीच्या पहिल्या कम्युनियनची पत्रिका आली आहे. तीत लिहिलंय, 'आमच्या मुलीला प्रथम ख्रिस्तप्रसादाचा संस्कार मिळत आहे.' आपण म्हणतो, मुलीवर संस्कार होतात, आईने संस्कार केले. 'मुलीला संस्कार मिळणे' हे मराठी बरोबर आहे का? आणि आईवडिलांकडून मुलांकडे श्रद्धा जाते, त्याला त्यांच्यात काय म्हणतात?

उत्तर (जळगाव)
ताई, दोन्ही प्रयोग बरोबर आहेत. मी कॅथलिक घरातला आहे, आमच्याकडे दोन्ही चालतात.

आमच्यात संस्कार सात. स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा, मग ख्रिस्तप्रसाद म्हणजे कम्युनियन, मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा संस्कार, विवाह वगैरे. हे ख्रिस्तसभेमार्फत, म्हणजे चर्चमार्फत, दिले जातात आणि माणूस ते स्वीकारतो, म्हणून 'ला'. बाप्तिस्म्याची तर चर्चच्या वहीत तारखेनिशी नोंद होते. आईच्या संस्काराला अशी तारीख नसते. तो रोज थोडा थोडा होत राहतो, म्हणून 'वर'.

पण या दोन अर्थांमध्ये भिंत नाही, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्यात फादर आधी आईवडिलांना विचारतात, बाळाचं नाव काय, ख्रिस्तसभेकडे काय मागता? पुढे पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून एक लहान मेणबत्ती पेटवून घरच्यांच्या हाती देतात आणि ही ज्योत तेवत ठेवायचं काम तुमच्यावर सोपवलं आहे, असं सांगतात. बाळाला संस्कार मिळतो आणि त्याच घटकेला बाळावर संस्कार करण्याची जबाबदारी आईबापाच्या गळ्यात पडते. १९८३च्या धर्मविधीसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातही, श्रद्धेचं शिक्षण देण्याचं कर्तव्य इतर सगळ्यांआधी आईवडिलांचं आहे, शब्दाने आणि स्वतःच्या वागण्याने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६४ साली कुटुंबाला जणू घरातली ख्रिस्तसभाच म्हटलं.

तुमच्या शेजाऱ्यांकडचा प्रसंगही तसाच. १९१० साली पोप दहावे पायस यांनी पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सात वर्षांवर आणलं, म्हणजे मुलाला भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक कळू लागतो ते वय. तो कळतोय की नाही, हे ओळखण्यात फादरांबरोबर आईवडीलही असतात. धर्मशिक्षणाचा वर्ग रविवारी तासभर, बाकीचा आठवडा घराचा.

गोव्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेल्या घरांत संध्याकाळच्या जपमाळेला 'तेर्स' म्हणतात. तिचे पाच भाग, त्यांना रहस्यं म्हणतात, प्रत्येकात दहा वेळा 'नमो मारिया' ही प्रार्थना. एखादं रहस्य लेकराकडे सोपवतात. ते अडखळतं, बोटावर मोजतं, मोठी माणसं थांबतात. तेर्स संपली की लहानांनी मोठ्यांकडे 'बेसांव' मागायचं, म्हणजे आशीर्वाद. श्रद्धा म्हणजे काय हे त्या वयात कुणी समजावून देत नाही. आजीचा हात डोक्यावर येतो, आणि देवाचं नाव त्या हाताबरोबर लक्षात राहतं.

'श्रद्धेचा वारसा' हा शब्द प्रवचनांत फार येतो, मला तो पटत नाही. वारसा आपोआप मिळतो, तोही बहुधा देणारा गेल्यावर. श्रद्धेचं काम देणारा जिवंत असतानाच व्हावं लागतं. शिवाय बाप्तिस्म्यात आईवडील आणि धर्ममातापिता बाळाच्या वतीने बोलले, तरी दृढीकरणाच्या वेळी मुलाला स्वतःच्या तोंडाने 'होय' म्हणावं लागतं. वारस कुणी असं विचारून ठरवत नाही.

प्रतिसाद (शिरपूर)
आम्ही कॅथलिक नाही, आमच्याकडे कानबाई, खानदेशातली देवी, बसते. भाऊबंद जमतात, रोट होतात, मुलं बघत बघत शिकतात. याला आम्ही 'वळण' म्हणतो. अहिराणीत तर सरळच, 'मायनी शिकाडेल शे'. तुमच्या 'वर'वाल्या संस्काराला हा शब्द चालेल का?

उत्तर (जळगाव)
भाऊ, चालेल, आणि चांगला चालेल. फक्त वळण वागण्याला लागतं. मुलगा दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातो, हे वळण झालं. शहरात नोकरीला गेल्यावर एकटा असताना तो प्रार्थना करतो की नाही, ही पुढची गोष्ट. वळणाशिवाय तिथवर पोचणं मात्र अवघड, हे मी आमच्याच नात्यातल्या घरांत पाहिलं आहे.

प्रतिसाद (नंदुरबार)
माझे पती कॅथलिक, मी हिंदू. लग्नाआधी त्यांच्याकडून वचन घेतलं गेलं, की मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन. माझ्याकडून वचन घेतलं नाही, पण त्यांच्या वचनाची मला पूर्ण कल्पना दिली. बोलताना शब्द होता 'वाढवणे'. आज जेवणाआधीची प्रार्थना मुलांकडून मीच म्हणवून घेते, कारण ते ड्यूटीवर असतात.

उत्तर (जळगाव)
वहिनी, 'वाढवणे' हाच शब्द मी सगळ्यांत वर ठेवीन. त्यात दिवसही येतात, जेवणही येतं आणि वाढवणारं माणूसही येतं. तुमचं उदाहरण तर कुठल्याही व्याख्येपेक्षा मोलाचं.

प्रश्नकर्ती (भुसावळ)
मग भेटीच्या पाकिटावर काय लिहू?

उत्तर (जळगाव)
मुलीसाठी लिहा, 'तुला प्रथम ख्रिस्तप्रसाद मिळतोय, आम्हाला फार आनंद आहे.' खाली तिच्या आईवडिलांसाठी वेगळी ओळ लिहा, 'तुम्ही तिला छान वाढवलंत.' आणि मिस्सालाही जा ताई, पत्रिका त्यासाठीच असते.