मोठे इंग्लिश क्लब का घसरतात आणि पुन्हा उभे कसे राहतात?

क्रीडाशिक्षक, परभणी

सर्वांना नमस्कार. परभणी जिल्ह्यातील एका शाळेत मी क्रीडाशिक्षक आहे. आमच्या भागात मैदानावर क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो यांचाच वरचष्मा असला, तरी गेल्या काही वर्षांत नववी-दहावीच्या मुलांमध्ये इंग्लिश प्रीमियर लीगची गोडी फार वाढली आहे. इंग्लंडमधील दुपारचे सामने आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला सुरू होत असल्यामुळे मुलांना ते झोपेआधी पाहता येतात. माझ्या पिढीतील बहुतेक जण मँचेस्टर युनायटेडमुळे या खेळाकडे वळले. आजच्या मुलांच्या अंगावर मात्र मँचेस्टर सिटीचा फिकट निळा किंवा लिव्हरपूलचा लाल सदरा दिसतो आणि युनायटेड हा एके काळी सर्वांत धाक असलेला संघ होता, हे त्यांना सांगावे लागते.

प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाल्यापासून २०१३ पर्यंत ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या मार्गदर्शनाखाली युनायटेडने ही स्पर्धा १३ वेळा जिंकली आणि त्यानंतर एकदाही जिंकली नाही. २०२४-२५ च्या हंगामात तर हा संघ १५ व्या क्रमांकावर राहिला. याउलट, १९९८-९९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत (इंग्लिश लीग उतरंडीने मांडलेल्या आहेत आणि प्रीमियर लीग सर्वांत वरची) खेळणाऱ्या सिटीने २०२१ ते २०२४ या काळात सलग चार विजेतेपदे मिळवली. पैसा, मालक, प्रशिक्षक आणि नशीब यांपैकी नेमके काय एखाद्या क्लबला वर नेते आणि काय खाली आणते, याविषयी आपली मते कारणांसह वाचायला आवडतील. चर्चा २०२४-२५ पर्यंतच्या हंगामांपुरती ठेवू.

मांजराकाठ, लातूर

सर, माझ्या मते युनायटेडच्या घसरणीचे मूळ २००५ मध्ये आहे. त्या वर्षी ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब ताब्यात घेतला, पण त्यातील मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा भार क्लबवरच टाकण्यात आला. तोपर्यंत युनायटेडवर कर्ज नव्हते. आपल्या मराठवाड्यातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही: चालू स्थितीतला साखर कारखाना ताब्यात घ्यायचा, त्यासाठीचे कर्ज कारखान्याच्याच माथी मारायचे आणि मग उसाच्या पैशातून व्याज फेडत बसायचे, असाच हा प्रकार होता. प्रेक्षकांनी तिकिटांसाठी दिलेला पैसा मैदानाची डागडुजी, सराव केंद्र आणि नवे खेळाडू यांवर खर्च होण्याऐवजी वर्षानुवर्षे व्याजात गेला.

चाहत्यांना हे त्याच वेळी कळले होते. त्यांच्यातील काहींनी २००५ मध्येच एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा वेगळा क्लब काढला आणि २०१० च्या सुमारास युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड या मैदानावर हजारो लोक क्लबच्या जुन्या हिरव्या-सोनेरी रंगांचे मफलर घालून येऊ लागले. लीड्स युनायटेडचे उदाहरणही याच जातीचे आहे. चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लब स्पर्धेचे उत्पन्न दरवर्षी येतच राहील असे गृहीत धरून त्यांनी कर्ज काढले आणि २००१ मध्ये त्या स्पर्धेची उपांत्य फेरीही गाठली. परंतु पुढच्या हंगामांत पात्रता हुकली, रिओ फर्डिनांडसारखे खेळाडू विकावे लागले, २००४ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर गेला आणि २००७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. क्लब जिंकत असतो तोपर्यंत कर्जाचा हप्ता कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, असे मला वाटते.

दख्खनी, छत्रपती संभाजीनगर

मांजराकाठ यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो पुरेसा नाही. ग्लेझर आल्यानंतरही युनायटेडने २००७, २००८, २००९, २०११ आणि २०१३ अशी पाच विजेतेपदे आणि २००८ ची चॅम्पियन्स लीग जिंकली. कर्ज तेच, मालक तेच, पण निकाल वेगळे होते. म्हणून मी शोध २०१३ च्या उन्हाळ्यात घेतो.

त्या उन्हाळ्यात फर्ग्युसन निवृत्त झाले आणि त्याच सुमारास क्लबचा व्यवहार सांभाळणारे डेव्हिड गिल हेही पायउतार झाले. कोणता खेळाडू घ्यायचा, किती पैसे द्यायचे, कोणाला निरोप द्यायचा हे जाणणारी दोन्ही माणसे एकदम निघून गेली आणि त्यांच्या जागी नवा प्रशिक्षक व नवा व्यवस्थापकीय प्रमुख असे दोघेही अननुभवी ठरतील अशी परिस्थिती निर्माण झाली. डेव्हिड मोयेस यांना सहा वर्षांचा करार मिळाला, परंतु त्यांच्या पहिल्या उन्हाळ्यात मोठी म्हणावी अशी एकच खरेदी झाली, ती मारुआन फेलायनीची, आणि तीही खरेदीच्या शेवटच्या दिवशी. एप्रिल २०१४ मध्ये मोयेस यांना काढण्यात आले. पुढे लुई व्हॅन गाल, जोझे मोरिन्यो, ओले गुन्नार सोल्शायर, एरिक टेन हाग आणि रुबेन अमोरिम असे एकापेक्षा एक वेगळ्या विचारांचे प्रशिक्षक आले आणि प्रत्येकाने आपल्या पद्धतीला साजेसे खेळाडू मागितले, त्यामुळे संघात नेहमी चार निरनिराळ्या योजनांचे अवशेष एकत्र खेळत राहिले. २०१६ मध्ये पॉल पोग्बासाठी ८ कोटी ९० लाख पौंडांचा तेव्हाचा जागतिक विक्रमी मोबदला देणारा क्लब गरीब नव्हता. ज्याच्याकडे खेळाडूंच्या निवडीची दीर्घकालीन जबाबदारी असेल असे फुटबॉल संचालकाचे पद मात्र या क्लबमध्ये २०२१ पर्यंत नव्हते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आता याच्या शेजारी लिव्हरपूल ठेवून पाहा. १९७४ मध्ये प्रशिक्षक बिल शँकली यांनी अचानक निवृत्ती घेतली, तेव्हा क्लबने बाहेरचा नामवंत न शोधता शँकली यांचेच सहायक बॉब पेस्ली यांना बढती दिली. बूट ठेवण्याच्या खोलीत बसून संघाची चर्चा करणाऱ्या त्या सहायकांच्या गटाला प्रत्येक खेळाडूची नस माहीत होती. पेस्ली यांनी नऊ वर्षांत सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप (आजच्या चॅम्पियन्स लीगचे जुने रूप) जिंकले. त्यांच्यानंतर जो फॅगनही त्याच खोलीतून आले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी तीन करंडक मिळवले. ही परंपरा तुटल्यावर मात्र १९९० नंतरच्या लीग विजेतेपदासाठी लिव्हरपूलला ३० वर्षे थांबावे लागले.

आणि तोच धडा त्या क्लबने पुन्हा गिरवला. प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी जानेवारी २०२४ मध्येच आपण हंगामाअखेर जाणार असल्याचे जाहीर केले, त्यामुळे उत्तराधिकारी शोधायला वेळ मिळाला. आर्ने स्लॉट आले, तेव्हा संघ तयार होता. त्या उन्हाळ्यात लगेच खेळण्यासाठी फेडेरिको किएसा हा एकच नवा खेळाडू घेतला गेला, आणि तरीही २०२४-२५ चे विजेतेपद मिळवून लिव्हरपूलने एकूण (१९९२ पूर्वीची धरून) २० लीग विजेतेपदांच्या युनायटेडच्या विक्रमाशी बरोबरी केली. मोयेस यांचा पहिला उन्हाळा आणि स्लॉट यांचा पहिला उन्हाळा, दोन्हींत खरेदी जवळपास नव्हतीच. युनायटेडमध्ये ती गोंधळामुळे झाली नाही आणि लिव्हरपूलमध्ये ती गरज नसल्यामुळे झाली नाही.

गोदाकाठ, नांदेड

मी युनायटेडचा नव्हे, तर नॉटिंगहॅम फॉरेस्टचा चाहता आहे, त्यामुळे घसरण म्हणजे काय हे माझ्या क्लबने मला चांगले शिकवले आहे. ब्रायन क्लफ यांच्या या संघाने १९७७ मध्ये वरच्या श्रेणीत येऊन पुढच्याच वर्षी लीग जिंकली आणि १९७९ व १९८० असे सलग दोन युरोपियन कप घरी नेले. १९९९ मध्ये तोच संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला, मध्यंतरी तिसऱ्या श्रेणीतही खेळला आणि परत यायला त्याला २०२२ उजाडावे लागले. २०२४-२५ मध्ये आम्ही सातवे आलो, तेव्हा नांदेडमध्ये तो आनंद वाटून घ्यायला माझ्याजवळ फारसे कोणी नव्हते, म्हणून इथे लिहितो.

दख्खनी यांना एक पुरवणी जोडतो. उत्तराधिकाराची हीच चूक युनायटेडने पूर्वीही केली होती. प्रशिक्षक मॅट बझ्बी १९६९ मध्ये बाजूला झाले, परंतु क्लबमध्येच राहिले, आणि त्यांच्या सावलीत विल्फ मॅकगिनेस व फ्रँक ओफॅरेल यांना काम करावे लागले. १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकलेला हा क्लब १९७४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला. मग २०२५ मध्ये तो का घसरला नाही? (२० पैकी शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात.) युनायटेडचे त्या हंगामात ४२ गुण होते आणि १७ व्या क्रमांकावरील टॉटनहॅमचे ३८. टॉटनहॅमने तर ३८ पैकी २२ सामने गमावले. तरीही १८ व्या क्रमांकावरील लेस्टरचे फक्त २५ गुण असल्यामुळे टॉटनहॅमला अखेरपर्यंत खरा धोका जाणवलाच नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी वर आलेले तिन्ही संघ त्याच हंगामात परत खाली गेले. प्रक्षेपण हक्कांच्या पैशामुळे तळाच्या क्लबलाही वर्षाला १० कोटी पौंडांहून अधिक मिळतात, आणि वर आलेला संघ पैसा असूनही इतक्या कमी वेळात तो दर्जा उभारू शकत नाही. आज मोठ्या क्लबला आपल्या चुकांची पूर्ण किंमत मोजावी लागत नाही, आणि म्हणूनच त्या चुका वर्षानुवर्षे चालू राहतात, हे माझे ठाम मत आहे. याच टॉटनहॅमने आणि युनायटेडने मे २०२५ मध्ये बिल्बाओ येथे युरोपा लीग या युरोपातील दुसऱ्या दर्जाच्या क्लब स्पर्धेचा अंतिम सामना खेळला आणि टॉटनहॅमने तो १-० ने जिंकून २००८ नंतरचा पहिला करंडक मिळवला. लीगमध्ये तळाजवळ राहिलेल्या दोन संघांना युरोपात अंतिम फेरी गाठता येते, यावरून इंग्लिश क्लबांच्या आर्थिक ताकदीची कल्पना येते.

वाचनवेल, अंबाजोगाई

चर्चेत सिटीचे नाव पहिल्याच प्रश्नात आले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. सप्टेंबर २००८ मध्ये अबू धाबीची मालकी आली नसती, तर सिटीचा हा उदय झाला नसता, हे कोणीही मान्य करेल. परंतु केवळ पैशाने तो झाला असेही नाही, कारण २०२२ मध्ये नव्या मालकांनी घेतलेल्या चेल्सीने त्याहून वेगाने पैसा ओतला आणि २०२२-२३ मध्ये तो संघ १२ वा आला. सिटीने आधी बार्सिलोनातून फेरान सोरियानो आणि चिकी बेगिरिस्टाइन या व्यवस्थापकांना आणले आणि प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला येण्याच्या कितीतरी आधी त्यांना मानवेल असा क्लब तयार केला. मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने आर्थिक नियमांच्या उल्लंघनाचे शंभराहून अधिक आरोप या क्लबवर ठेवले आहेत आणि क्लबने ते नाकारले आहेत, हे विद्यार्थ्यांसमोर आदर्श म्हणून सिटीचे नाव घेण्यापूर्वी सरांनी अवश्य सांगावे.

क्रीडाशिक्षक, परभणी

ताई, तुमची सूचना योग्य आहे आणि मी ती पाळेन. दख्खनी सरांना एक उपप्रश्न विचारतो. उत्तराधिकार आणि संयम यांचे महत्त्व मला पटले, पण संयम कोणासाठी ठेवायचा हे कसे ओळखायचे? फर्ग्युसन यांनाही पहिल्या लीग विजेतेपदासाठी साडेसहा वर्षे लागली आणि १९८९-९० मध्ये त्यांचा संघ १३ वा आला होता. टेन हाग यांच्या बाबतीत मात्र युनायटेडने जुलै २०२४ मध्ये करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढले.

दख्खनी, छत्रपती संभाजीनगर

सर, गुणतालिकेकडे पाहून ते ओळखता येत नाही. त्या क्लबने उन्हाळ्यात कोणते खेळाडू घेतले हे पाहावे लागते. २०२०-२१ मध्ये युनायटेड दुसऱ्या आणि आर्सेनल आठव्या क्रमांकावर होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आर्सेनलने बेन व्हाइट, मार्टिन ओडेगार्ड, ॲरन रॅम्सडेल, ताकेहिरो तोमियासू आणि आणखी दोघे घेतले, आणि ते सर्व २३ वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. नव्या हंगामाचे पहिले तीनही सामने आर्सेनलने एकही गोल न करता गमावले आणि संघ तळाला गेला. तरीही प्रशिक्षक मिकेल आर्टेटा यांना काढण्याची मागणी संचालकांनी मान्य केली नाही, कारण निवडलेले खेळाडू दोन-तीन वर्षांनी काय होतील याचा हिशेब त्यांच्यापाशी होता. फर्ग्युसन यांच्याबाबत क्लबने ठेवलेल्या संयमामागेही हेच होते. १९९० मध्ये त्यांचा मुख्य संघ अडखळत असताना क्लबच्या युवा विभागात रायन गिग्ज तयार होत होता आणि संचालक मंडळाला ते दिसत होते. २०२१ च्या त्याच उन्हाळ्यात युनायटेडने ३६ वर्षांच्या क्रिस्तियानो रोनाल्डोला परत आणले. मे २०२२ मध्ये आर्सेनलचे ६९ गुण झाले आणि युनायटेडचे ५८. त्यानंतरच्या तिन्ही हंगामांत आर्सेनल दुसऱ्या क्रमांकावर राहिले.