ट्रेलरमधला फर्नेस पेटतो, पण टिकत नाही

प्रश्न: ट्रॅव्हल ट्रेलरमधला (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरातला) प्रोपेन फर्नेस, म्हणजे गॅसवरचा हीटर, पेटतो आणि ५-७ सेकंदांत विझतो. तीन प्रयत्नांनंतर बंदच. शेगडी मात्र नीट चालते. सुरुवात कुठून करू?

उत्तर: पेटून लगेच विझतो म्हणजे फर्नेसच्या कंट्रोल बोर्डाला (इलेक्ट्रॉनिक सर्किटला) ज्योत कळत नाही. गॅस बंद करून इलेक्ट्रोड (ठिणगी देणारी आणि ज्योत ओळखणारी दांडी) काढा, काजळी बारीक स्टील वूलने घासा, ठिणगीची फट साधारण ३ मिमी ठेवा. अर्थिंगचा जोड गंजलाय का पाहा. नवा बोर्ड घ्यायची घाई अजिबात नको.

उत्तर: शेगडी कमी दाबावरही जळते, त्यावर विसंबू नका. फर्नेस चालू असताना मॅनोमीटरवर (दाब मोजायच्या उपकरणावर) गॅसचा दाब ११ इंच वॉटर कॉलम (दाबाचं एकक) दिसायला हवा.

उत्तर: एक्झॉस्टमध्ये गांधीलमाशीचं घरटं असू शकतं, तेही बघा. ब्लोअर चालताना बॅटरीचं व्होल्टेजही मोजा. ते घसरलं की पंखा मंदावतो, सेल स्विच (हवेचा पुरेसा झोत आहे का ते पाहणारा स्विच) सुटतो आणि फर्नेस बंद पडतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना?