‘रेकॉर्ड डिलीटेड’ आलं की थेट डेटाबेसमध्ये हात?

क्यूए_रात्रपाळी: काल एकाने इथे सल्ला दिला: कॅपा (चूक सुधारण्याचा आणि टाळण्याचा फॉर्म) उघडताना ‘रेकॉर्ड डिलीटेड’ आलं तर टेबलात जाऊन डिलीट फ्लॅग (डिलीट झाल्याची खूण) शून्य करा, दोन मिनिटांत मोकळे. अहो, आधी एरर तरी पूर्ण वाचा! जावावरच्या बऱ्याच सिस्टीममागे हायबरनेट (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) असतं. त्याचा मूळ मेसेज ‘रो वॉज अपडेटेड ऑर डिलीटेड बाय अनदर ट्रान्झॅक्शन’. त्यातलं ‘अपडेटेड’ कुणाला दिसतच नाही. दोघांनी एकच फॉर्म उघडला, पहिल्याने सेव्ह केला, रेकॉर्डची व्हर्जन ७ची ८ झाली. दुसऱ्याचं अपडेट अजून ७ शोधतंय. शून्य रो सापडल्या, की एरर. रेकॉर्ड जागच्या जागी! टाइप केलेला मजकूर नोटपॅडात काढा आणि मगच रिफ्रेश मारा.

जुना_डीबीए: सल्ला माझाच होता. रिफ्रेशनंतरही तेच आलं तर? सॉफ्ट डिलीटमध्ये नुसती खूण लागते, रो टेबलातच असते. फ्लॅग उलटवला तर कुठे आकाश कोसळतं?

क्यूए_रात्रपाळी: कोसळतं. डिलीट करताना अ‍ॅप्लिकेशनने पेंडिंग टास्क बंद केलेलं असतं, सर्च इंडेक्समधून रेकॉर्ड काढलेला असतो. मागच्या दाराने फ्लॅग फिरवला की रेकॉर्ड लिंकवरून उघडतो, पण कुणाच्याच इनबॉक्समध्ये नाही. वर ऑडिट ट्रेलमध्ये (कुणी काय बदललं त्याच्या नोंदीत) अक्षर नाही. अमेरिकी एफडीएच्या पार्ट ११ (इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डचा नियम) मधलं ११.१०(ई) वाचलंय ना? रिस्टोअर अ‍ॅडमिन स्क्रीनवरूनच. ती सोय नसेल तर चेंज कंट्रोल (बदलाची लेखी मंजुरी), आणि स्क्रिप्ट आधी टेस्ट सर्व्हरवर.

ऑडिट_आला_रे: ते राहू द्या. यादीत डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून ढळल्याची नोंद) ४१ नंतर थेट ६१ दिसतं, तेव्हा मधले कुणीतरी उडवलेत हे शेंबडं पोरही सांगेल.

जुना_डीबीए: शेंबडं पोर चुकेल. ओरॅकलच्या सिक्वेन्सची (नंबर पुरवणारी सोय) डीफॉल्ट कॅशे २०, म्हणजे वीस नंबर एकदम उचलते. ४१ ते ६० मेमरीत उचलले, ४१ वापरला, सर्व्हर आडवा झाला. उठल्यावर ६१. मधले १९ जन्मालाच आले नाहीत, डिलीट कुठले?

ऑडिट_आला_रे: मग नोकॅश करा की!

जुना_डीबीए: केलं. आता रोलबॅक झाला, म्हणजे सेव्ह अर्ध्यावर रद्द. तो नंबर परत येतो का? नाही. एसक्यूएल सर्व्हरवर इंट आयडेंटिटी (आपोआप वाढणारा नंबर) असेल तर अवचित रीस्टार्टनंतर १०००चीही उडी बसते. इन्स्पेक्टरला हे समजावायला कुणाला बसवणार, तुम्हाला?

ऑडिट_आला_रे: आवाज खाली. नंबर वेगळ्या काउंटर टेबलातून द्या, रो लॉक करून, सेव्हच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. रोलबॅक झाला तर काउंटरही मागे येतो.

जुना_डीबीए: स्लो होईल. ...बरं, दिवसाला दहा डेव्हिएशन येतात तिथे लॉकने काय होतंय म्हणा. तुमचं एक बरोबर, लिहून ठेवा.

फॉर्म_वाली: नंबरपुराण संपलं असेल तर मूळ एररकडे या. बऱ्याचदा कॅपा शाबूत असतो, त्यातला सप्लायर मास्टरमधून उडालेला असतो. फॉरेन की (दोन टेबलं बांधणारा नियम) नसली की डेटाबेस अडवत नाही, फॉर्म उघडताना लुकअप फसतो. असे अनाथ रेकॉर्ड शोधायला क्वेरीत नॉट इन वापरू नका. सबक्वेरीत एक नल (रिकामी किंमत) आला की निकाल रिकामा येतो आणि ‘सगळं ठीक’ वाटतं. नॉट एक्झिस्ट्स वापरा.

क्यूए_रात्रपाळी: आणि खरंच हार्ड डिलीट झालं, रोच पुसली गेली असेल तर?

जुना_डीबीए: ओरॅकलवर फ्लॅशबॅक क्वेरी (मागच्या वेळचा डेटा दाखवणारी), ‘अ‍ॅज ऑफ टाइमस्टॅम्प’. पण अनडू रिटेन्शन (जुना डेटा राखायची मुदत) डीफॉल्ट ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं. उशीर झाला की ‘स्नॅपशॉट टू ओल्ड’. मग बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उघडून ती रो काढायची. चेंज कंट्रोल भरूनच, बाईसाहेब.